मागच्या जिन्याचं कुलूप

आमच्या मुलींच्या वसतिगृहाला दोन जिने आहेत. पुढचा जिना रेक्टर ऑफिससमोर उतरतो आणि सगळी ये-जा त्यानेच होते. मागचा जिना इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, मेसमागच्या बोळात उतरतो. त्याच्या तळमजल्यावरच्या दाराला कितीतरी वर्षं कुलूप होतं. तळमजला धरून चार मजले, दोनशेच्या आसपास मुली आणि रात्री हजेरी झाल्यावर बाहेर पडायला एकच वाट. ते कुलूप काढायला, तिथे आतून ढकलताच उघडेल असं दार बसवायला आणि मग त्या दाराने सगळ्या मुलींना झोपेतून उठवून बाहेर काढून बघायला एका जुलैपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा काळ गेला. पुण्यात मुलींची वसतिगृहं आणि पीजी गल्लोगल्ली आहेत, सदाशिव पेठेपासून कर्वेनगरपर्यंत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मागच्या दाराला असंच कुलूप लटकताना मी पाहिलंय. म्हणून आम्ही काय केलं ते तपशिलाने लिहितेय.

सुरुवात झाली फॉर्म बी पासून. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा 2006 चा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन सादर करावं लागतं. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. आमच्याकडे हे काम इस्टेट विभाग बघायचा आणि रेक्टर म्हणून माझ्या हातात फक्त फोटोकॉपी यायची. त्या जुलैत एजन्सीकडून आलेला तंत्रज्ञ वयाने लहान, पण कामाला पक्का होता. ‘मॅडम, रात्री इथे तुम्हीच असता ना, मग माझ्याबरोबर चला,’ म्हणाला. मीही छत्री ठेवली आणि निघाले.

त्याने दाखवलेल्या गोष्टी कुठल्याही वसतिगृहात कुणालाही तपासता येतील. आग विझवायच्या एबीसी पावडरच्या सिलिंडरला दाब दाखवणारा काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो. तो भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं, म्हणून त्याने सोबत वजनकाटा आणला होता. भिंतीवरची होज रील, म्हणजे पाण्याच्या नळीची गुंडाळी, नुसती पुसून चकचकीत ठेवण्यात काही अर्थ नाही, ती शेवटपर्यंत उलगडून नॉझल उघडायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या रीलला पाणी आलं नाही. कधीतरी गळती झाली म्हणून प्लंबरने खालचा व्हॉल्व्ह बंद केला होता आणि तो तसाच राहिला होता. काही खोल्यांत धुराच्या डिटेक्टरवर मुलींनी प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधली होती, कारण उदबत्ती लावली की अलार्म वाजायचा. शेवटी मागच्या दाराशी येऊन तो थांबला, कुलूप हातात घेऊन बघितलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘मागील जिन्याचे दार कुलूपबंद, जिन्यात साहित्य.’ साहित्य म्हणजे जुन्या लोखंडी खाटा, गाद्या आणि पाण्याचे रिकामे जार. खाटा-गाद्या इस्टेटच्या टेम्पोने आठवड्याभरात गेल्या. कुलूप राहिलं.

ते कुलूप निष्काळजीपणातून आलेलं नव्हतं, हे सांगायलाच हवं. आमच्या बहुतेक मुली लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, नगर अशा भागांतून येतात. घरातून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या, कितीतरी जणींच्या घराण्यात पहिल्यांदाच एवढं शिकणाऱ्या. त्यांना सोडायला आलेले वडील खोली बघायच्या आधी गेट बघतात, कंपाउंड किती उंच आहे ते बघतात. 2023 च्या जूनमध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला, त्यानंतर तर माझा फोन कितीतरी दिवस थांबत नव्हता. मागच्या बोळात रात्री दिवा नसायचा आणि कंपाउंड तिथे खांद्याएवढंच होतं. ज्या कुणी पहिल्यांदा कुलूप लावलं, त्यांना मुलींची काळजीच होती.

म्हणून पालक प्रतिनिधींसमोर विषय मांडला तेव्हा जे ऐकावं लागलं ते मला अनपेक्षित नव्हतं. परभणीकडचे एक वडील उठून म्हणाले, ‘मॅडम, आम्ही लेकरू तुमच्या भरोशावर ठेवलंय. ते दार उघडं ठेवलं तर रातच्याला कोन बघनार?’ त्या प्रश्नाला कायद्याचं कलम वाचून दाखवणं हे उत्तर नव्हतं. मी त्यांना विचारलं, पुढच्या जिन्याखाली मीटरची खोली आहे, तिथेच आग लागली तर तुमची मुलगी तिसऱ्या मजल्यावरून कुठून उतरेल? ते गप्प झाले नाहीत. ‘मंग किल्ली द्या ना तिच्यापाशी,’ म्हणाले.

किल्लीचा पर्याय सगळ्यांनाच आवडला. सिक्युरिटीच्या सुपरवायझरांनी काचेची छोटी पेटी सुचवली, जिन्यापाशी बसवायची, काच फोडायची, किल्ली काढायची. कागदावर हे सोपं दिसतं. आम्ही ते करून बघितलं. रात्रपाळीच्या सिक्युरिटी ताई आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली, जिन्यातले दिवे बंद. पेटी हाताने चाचपडून सापडली, पण पावसाने गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना. ताई रोज हाताने काम करणाऱ्या, घाबरणाऱ्यांतल्या नाहीत, तरी कुलूप निघेपर्यंत कितीतरी वेळ गेला. तिथे धूर नव्हता, मागून ढकलणारी गर्दी नव्हती. दार होतं आतल्या बाजूला उघडणारं. मागे पन्नास मुली दाटल्या असत्या तर कुलूप निघूनही ते दार ओढता आलं नसतं. सुपरवायझरांनी स्वतःच तो प्रस्ताव मागे घेतला, आणि पुढे सगळ्यात जास्त मदत त्यांनीच केली.

बंद दाराने माणसं मरतात याचे दाखले आपल्याकडे कमी नाहीत. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 ला 59 माणसं गेली. आग खाली ट्रान्सफॉर्मरची होती, बाल्कनीतली माणसं गुदमरून गेली, कारण बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या आणि बंद होत्या. ढकलून उघडणाऱ्या दाराची, ज्याला सगळे पॅनिक बार म्हणतात, त्याची माहिती शोधताना त्याच्या मुळाशीही असंच एक दार निघालं. इंग्लंडमधल्या संडरलंड गावी 16 जून 1883 ला मुलांचा जादूचा खेळ होता. शेवटी बक्षिसं वाटणार म्हणून गॅलरीतली मुलं जिन्याने खाली धावली. खालचं दार असं अडकवलेलं होतं की एका वेळी एकच मूल जावं. 183 मुलं तिथे चेंगरून गेली. आग नव्हतीच. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज नावाच्या माणसाने आतून ढकलताच सुटणाऱ्या बोल्टचं पेटंट 1892 मध्ये घेतलं. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा कुलसचिव सरांनी पहिल्यांदा विचारलं, ‘असं दार बाहेरून उघडता येतं का?’ त्यांनी तो प्रश्न विचारला आणि काम पुढे सरकलं, कारण उत्तर ‘नाही’ असं होतं. बाहेरच्या बाजूला हँडलच नसतं.

दाराचं स्वरूप ठरवायला शेजारच्या सोसायटीत राहणारे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक स्टेशन ऑफिसर आले. आमच्या मुली त्यांना लगेच काका म्हणायला लागल्या. विजेवर चालणारं चुंबकी कुलूप बसवावं, अलार्म वाजला की ते आपोआप सुटेल, असं इस्टेटचं म्हणणं होतं. काकांना ते पटत नव्हतं. वीज गेल्यावर ते सुटायला हवं आणि पुण्यात पावसाळ्यात वीज जात-येत असते, म्हणजे रोज रात्री दार आपसूक मोकळं होणार. मग कुणीतरी त्याला बॅटरी जोडणार आणि ऐन वेळी ते सुटणारच नाही. त्यांनी साधा यांत्रिक बार सुचवला. बाहेरच्या बाजूला उघडणारं पोलादी दार, आतून कमरेच्या उंचीवर आडवी दांडी, दार उघडलं की सिक्युरिटी केबिनमध्ये बझर, वर कॅमेरा, बोळात रात्रभर दिवा आणि जिन्यात बॅटरीवरचे दिवे. कंपाउंडची भिंतही तिथे वाढवली. पालकांची भीती आणि मुलींचा जीव या दोन्हींसाठी हे एकच दार होतं. परभणीच्या त्या वडिलांना मी पुढच्या भेटीत बझर वाजवून दाखवला. ते केबिनमध्ये जाऊन उभे राहिले आणि लेकीला म्हणाले, ‘ढकल, ऐकू.’ तिने ढकललं, त्यांनी ऐकलं. मग मेसमध्ये जाऊन चहा प्यायले.

दार बसेपर्यंत आम्ही नुसते बसून नव्हतो. खरं तर या मधल्या काळातच सगळ्यात महत्त्वाचं काम झालं.

इमारत रात्री कशी वागते हे या कामासाठीच्या आमच्या समितीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत होतं सफाईच्या मावशींना आणि रात्रपाळीच्या ताईंना. त्यांच्याबरोबर एकेक मजला फिरले तेव्हा मावशींनी भराभर सांगितलं: कुठल्या खोलीतला प्लग गरम लागतो, कुठल्या बाथरूमचं दार आतून अडकतं, कुठे खिडकीत कपडे वाळत घालताना तार गिझरच्या वायरवरून नेलीय. प्रत्येक खोलीला खिडकीची घट्ट जाळी. ही जाळी चोरासाठी असते आणि आगीत तीच पिंजरा होते. जिन्यापासून लांबच्या टोकांच्या खोल्यांत आम्ही जाळीचा एक भाग बिजागरीवर करून घेतला, आतून कडी काढली की उघडणारा.

किटली, रॉड आणि इंडक्शन हा वेगळाच प्रश्न होता. नियमाने सगळ्यावर बंदी होती आणि दर महिन्याला जप्ती व्हायची. जप्तीचा परिणाम एवढाच की किटली पलंगाखाली, चादरीच्या आड चालायची, म्हणजे जिथे आग लागायला सोपं आणि दिसायला अवघड. मुलींशी बसून बोलले. थंडीत सकाळी आंघोळीला पाणी कोमट, रात्री अकरा वाजता भूक, परीक्षेच्या दिवसांत चहा. या गरजा खऱ्या आहेत, त्यांना दामटून काय होणार? इलेक्ट्रिशियनने त्यांना हिशेब समजावला. खोलीतलं एक्स्टेन्शन सहा अँपिअरचं, ते साधारण 1400 वॅट झेपवतं. एक किटलीच 1500 वॅटची. त्यावर लॅपटॉप, दोन मोबाइल आणि स्ट्रेटनर लावलं की वायर आतून तापत राहते, आणि आग लागते ती सगळ्या झोपल्यावर. त्यानंतर प्रत्येक मजल्यावर एक छोटी पँट्री काढली, सोळा अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट, जादा भार आला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, ओट्यावर फरशी, बाजूला फायर ब्लँकेट. मुलींनीच पाळ्या लावल्या. पलंगाखालच्या किटल्या पूर्ण संपल्या असं मी म्हणणार नाही, पण मावशींच्या सांगण्याप्रमाणे गरम प्लग आता क्वचित सापडतो.

डिटेक्टरवरच्या पिशव्यांचं कारणही असंच शोधलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात 19 जानेवारी 2000 च्या पहाटे आग लागली आणि तीन विद्यार्थी गेले. त्या सत्रात तिथे इतके खोटे अलार्म वाजले होते की खरा वाजला तेव्हा काही जण पांघरुणातून उठलेच नाहीत. ही गोष्ट मी मुलींना सांगितली आणि त्या दिवसापासून एक पद्धत ठेवली: अलार्म वाजला की कारण काहीही असो, दुसऱ्या दिवशी ते फलकावर लिहायचं. उदबत्ती पुढच्या ओसरीवर, खोलीत नाही. हे कारण समजल्यावर पिशव्या मुलींनीच काढल्या.

काकांनी मैदानावर दोन दुपारी प्रशिक्षण घेतलं. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, ‘आग दिसली तर पहिलं काय कराल?’ सगळ्या म्हणाल्या, विझवू. ‘आधी ओरडा, मग फोन, मग बघा,’ म्हणाले. 101 आणि 112, दोन्ही नंबर प्रत्येकीकडून तोंडपाठ करून घेतले. फोनवर काय सांगायचं तेही: वसतिगृहाचं नाव, रस्ता, जवळची ठळक खूण, कुठल्या गेटने यायचं आणि कुणी अडकलंय का. आमच्या आवाराला तीन गेट आहेत आणि बंब येऊ शकतो तो एकाच गेटने, बाकी दोन अरुंद आणि एकावर दगडी कमान. हे त्या दिवसापर्यंत कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

सिलिंडर हाताळायला मुली बिचकत होत्या. तो जड असतो, पिन काढायला जोर लागतो, आणि पावडरचा फवारा सुटला की त्याच्या आवाजानेच माणूस मागे सरतो. काकांनी लोखंडी ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवलं आणि एकेकीला पुढे केलं. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुंध्याशी रोखा, दांडा दाबा, डावी-उजवी फिरवा. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, तेवढ्यात आग विझली नाही तर पाठ न फिरवता मागे सरकून दाराकडे जायचं. दार नेहमी आपल्या पाठीशी हवं. विजेच्या आगीवर पाणी नाही, तेलाच्या कढईवर तर मुळीच नाही. मेसच्या मावशींना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. गॅसचा वास आला तर काय करता, असं विचारल्यावर एक मावशी म्हणाल्या, ‘आधी बाटला बंद, मग दारं-खिडक्या उघड्या, बटन कुठलंच दाबायचं न्हाई, चालू बी न्हाई आन् बंद बी न्हाई.’ काका म्हणाले, यात मला एका शब्दाचीही भर घालायची नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून मेसच्या दाराखालची फट बुजवू नका, एवढंच त्यांनी पुढे सांगितलं.

धुराबद्दल मात्र ते बराच वेळ बोलले. आगीतली बहुतेक माणसं जळून जात नाहीत, धुराने जातात. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागं करेलच असं नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. म्हणून झोपायच्या जागी अलार्मचा आवाज उशीपाशी किमान 75 डेसिबल हवा. त्यांनी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप लावून टोकाच्या खोल्यांत दार बंद करून हूटर वाजवला, आणि तिथे आवाज त्याच्या जवळपासही पोचला नाही. प्रत्येक मजल्याच्या दुसऱ्या टोकाला नवीन हूटर बसले ते त्यामुळे. खोलीचं दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने चाचपायचं, गरम लागलं तर उघडायचं नाही. फटीत ओला टॉवेल कोंबायचा, खिडकीशी जाऊन ओढणी हलवायची, फोन करत राहायचं. निघताना मागचं दार ओढून घ्यायचं, एक बंद दार धुराला बराच वेळ थोपवतं.

तळमजल्यावर एक विद्यार्थिनी राहते, ती कुबड्या वापरते. आमच्या योजनेत तिच्यासाठी एक ओळ होती: ‘तळमजल्यावर खोली दिली आहे.’ तिने ती वाचली आणि म्हणाली, ‘मॅम, मी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच असते. माझा सगळा ग्रुप तिथे आहे. लिफ्टने वर जाते. आग लागली तर लिफ्ट बंद, मग मी काय करू?’ हा प्रश्न आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, आणि तो विचारायला तिच्याइतकं योग्य कुणी नव्हतं. तिला आम्ही समितीत घेतलं. जिन्यावरून खाली सरकवता येणारी इव्हॅक्युएशन चेअर मागवली, ती तिसऱ्या मजल्यावर मागच्या जिन्यापाशी अडकवली. चार मैत्रिणींनी ती चालवायला शिकून घेतली. तिची अट एकच होती, खुर्चीत बसायचा सराव खऱ्या माणसावर करायचा, आणि ते खरं माणूस ती स्वतः असेल. पहिल्यांदा पायरीवरून खुर्ची खाली कलली तेव्हा बाकीच्या किंचाळल्या. ती शांत होती. ‘हळू नका नेऊ, एका लयीत न्या,’ असं तिने सांगितलं आणि ते बरोबर निघालं.

मग प्रत्यक्ष कवायत. पहिली दुपारी, सांगून-सवरून केली. अग्निशमन दलाच्या केंद्राला पत्र दिलं होतं, तिथून एक तांडेल, म्हणजे जवानांचे प्रमुख, आणि जवान बघायला आले. त्या दिवशी जवळजवळ सगळ्या मुली पुढच्या जिन्याने उतरल्या. मागचं नवं दार ज्यांच्या खोलीपासून दहा पावलांवर होतं त्याही लांबच लांब चालत पुढे आल्या. तांडेलांना त्याचं नवल वाटलं नाही. माणूस ज्या दाराने आत येतो त्याच दाराने बाहेर पडायला बघतो, सगळीकडे हेच होतं, म्हणाले. त्यांनी सुचवलं की पुढच्या वेळी पुढचा जिना बंद आहे असंच धरा. शिवाय मोजणीसाठी आम्ही बॅडमिंटन कोर्ट ठरवलं होतं, ते त्यांनी रद्द केलं. बंब तिथेच उभा करावा लागेल, तिथे मुली नकोत. जमायची जागा पलीकडच्या चिंचेखाली गेली.

रात्रीची कवायत रविवारी पहाटे ठेवली. आठवडा मुलींना माहीत होता, दिवस नव्हता. दलाचा कंट्रोल रूम, पोलीस चौकी, शेजारच्या सोसायट्या आणि पालकांचा ग्रुप, सगळ्यांना आधी कळवलं होतं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर स्वयंसेविका टॉर्च घेऊन उभी होती, खाली रुग्णवाहिका होती. अंधारात घाईने कुणी पडू नये ही मला सगळ्यात मोठी धास्ती होती. पुढच्या जिन्याच्या तोंडाशी प्रत्येक मजल्यावर लाल ओढणी बांधून एकेक मुलगी उभी केली, येणाऱ्या प्रत्येकीला ‘इकडे धूर आहे, मागे जा’ असं सांगायला.

हूटर वाजला. मी मागच्या बोळात, दाराच्या बाहेर उभी होते. आतून पावलांचा आवाज येत होता, मग हाका, मग दारापाशी थबकलेली गर्दी. दार ढकलायचं की नाही, असा क्षणभराचा घोळ झाला असावा. मग दांडी खट्‌कन वाजली, दार धाडकन उघडलं आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी, पायात दोन वेगवेगळ्या चपला, बाहेर आली. केबिनमध्ये बझर सुरू झाला. तिच्यामागून रांगच्या रांग. कुणाच्या हातात लॅपटॉप, कुणाच्या मार्कशीटची फाइल, एकीने झोपेत उशीच आणली होती. लॅपटॉपवाल्या दोघी जिन्यात आडव्या झाल्यामुळे मागच्यांचा खोळंबा झाला, तेव्हापासून आम्ही ‘हात मोकळे’ ही सूचना पहिली ठेवलीय. इव्हॅक्युएशन चेअर शेवटून दुसरी आली, चारही मैत्रिणी घामाघूम.

मोजणीत तीन नावं कमी पडली. तोच वेळ सगळ्यात अवघड गेला. खऱ्या आगीत या तीन नावांसाठी कुणाला तरी आत जावं लागलं असतं. एक बाथरूममध्ये नळ सोडून केस धुत होती, तिला हूटर ऐकूच आला नव्हता. बाकीच्या दोघी साताऱ्याला घरी गेल्या होत्या, रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. आता रात्रीच्या हजेरीनंतर मजल्याच्या प्रतिनिधीकडे त्या रात्रीच्या नावांचा कागद असतो, आणि त्याची एक प्रत केबिनमध्ये. बाथरूमच्या पॅसेजमध्ये लुकलुकणारा दिवा असलेला हूटर लावला. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात त्या कागदाइतकी उपयोगाची गोष्ट दुसरी नाही, आणि त्याला खर्च काहीच नाही.

त्या जानेवारीतल्या फॉर्म बीवर मागच्या दाराचा शेरा आला नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन मुली आणि सिक्युरिटी ताई मिळून दांडी ढकलतात, बझर वाजला का बघतात, बोळात कुणी स्कूटर लावलेली असेल तर हलवायला लावतात, रजिस्टरमध्ये सही करतात. दर सत्राला एक कवायत, नव्या मुली आल्या की पहिल्या पंधरवड्यात. बंबाच्या गेटपाशी दुचाकी लागतात, तिथे पिवळे पट्टे मारलेत, पण गणपतीत शेजारच्या मंडळाचा मांडव त्याच रस्त्यावर येतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलून यंदा मांडव थोडा सरकवून घ्यायचा आहे. मुलांच्या वसतिगृहाचं काम आता सुरू झालंय. तिथे मागच्या जिन्यात गाद्यांची थप्पी छतापर्यंत लागलेली आहे, ती ठेवायला गोदामातली एक खोली हवी, त्याचा अर्ज कुलसचिव सरांकडे दिला आहे.